दातांचे चौदा गुण

‘म्याडम, चौदा भरतील न्हवं?’

सैन्यभरतीच्या मेळाव्याला जायच्या आधी जी पोरं माझ्याकडे येतात, त्यांना बहुधा एवढंच विचारायचं असतं. बेंगळुरूच्या राजाजीनगरात, भाष्यम सर्कलपासून जवळच, माझा दातांचा दवाखाना आहे. मी बेळगावची आणि माझ्याशी मराठीत बोलता येतं, ही बातमी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मग चंदगड, गडहिंग्लज, निपाणीकडून बेंगळुरूत मामा-काकांकडे आलेली मुलं पत्ता शोधत येतात. खुर्चीत टेकतात, ‘आ’ करतात आणि मी मोजेपर्यंत डोळे मिटून बसतात.

सैन्यात दातांना गुण असतात. वरचा दात आणि त्याच्यासमोर येणारा खालचा दात असे दोन्ही धड असले, तरच गुण मिळतो. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांना प्रत्येकी 1, दाढांना 2. अक्कलदाढ पुरती वाढलेली असेल तर तिलाही 2, अर्धवट असेल तर 1. तोंड पूर्ण भरलेलं असलं की बेरीज 22 होते. भरतीसाठी किमान 14 लागतात. शिवाय पुढच्या सहांतले चार आणि मागच्या दहांतले सहा दात एकमेकांवर नीट बसायला हवेत. हा हिशेब उगीच आलेला नाही. जुन्या बंदुकांच्या काळात काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागे, पुढचे दात नसलेला शिपाई कामाचा नव्हता. बंदुका बदलल्या, पण कडक रेशन चावायला दाढा लागतातच, आणि बर्फातल्या चौकीवर भर हिवाळ्यात दाढ सुजली तर हेलिकॉप्टरही वेळेवर येईलच असं नसतं.

म्हणजे साडेसतरा वर्षांच्या पोराचं तोंड उघडून सरकार एकेक दात मोजून घेतं. नोकरीत असेपर्यंत त्या दातांची देखभालही होते. त्यासाठी 1 फेब्रुवारी 1941 रोजी उभी राहिलेली स्वतंत्र आर्मी डेंटल कोअर आहे, मिलिटरी डेंटल सेंटरं आहेत. मात्र शिपाई म्हणून भरती झालेला माणूस पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर घरी येतो. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच तोंडाने काढायची असतात. त्या वर्षांत त्याचे दात कोण मोजतं, या प्रश्नाशी माझं कामाचं आयुष्य बांधलं गेलं आहे.

बेळगावात वाढलेल्या माणसाला फौजी लोक परके नसतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर 1922 पासून आमच्या गावात आहे. पहाटे पळणाऱ्या रंगरुटांच्या बुटांचा आवाज ऐकतच आम्ही शाळेत गेलो. दंतवैद्यकीचं शिक्षण तिथेच घेतलं आणि लग्न होऊन राजाजीनगरात आले. सासरे किर्लोस्कर इलेक्ट्रिकमध्ये होते. 1946 साली रवी किर्लोस्करांनी बेंगळुरूत सुरू केलेल्या त्या कारखान्यामुळे बरीच मराठी घरं या बाजूला स्थिरावली होती. दवाखाना काढायला भांडवल नव्हतं, म्हणून आधी माजी सैनिकांच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटी डेंटल ऑफिसर म्हणून लागले. दरवर्षी नूतनीकरण होणारं कंत्राट, सकाळची गर्दी, एक खुर्ची, एक मदतनीस. संध्याकाळी घराजवळ एका खोलीत स्वतःचे रुग्ण बघायचे. पुढे पॉलिक्लिनिक सुटलं आणि दवाखाना राहिला. तिथले रुग्ण मात्र सुटले नाहीत.

राजाजीनगर ही वस्तीच मुळी कामगारांची. स्वातंत्र्यानंतर राजगोपालाचारींच्या नावाने उद्योगनगर म्हणून ती वसवली गेली. उत्तरेला जलहळ्ळीत हवाई दलाचं ठाणं, त्याच पट्ट्यात भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि एचएमटी. फौजेतून सुटलेले कितीतरी लोक या कारखान्यांत लागले आणि राजाजीनगर, महालक्ष्मी लेआउट, बसवेश्वरनगर भागात घरं करून राहिले. आता कारखाने आटले. नव्याने येणारा माजी सैनिक बहुधा एखाद्या अपार्टमेंटच्या किंवा मॉलच्या फाटकावर गणवेश घालून उभा असतो. ज्याला सगळे फौजी अजूनही ‘आपलं हॉस्पिटल’ म्हणतात ते हवाई दलाचं कमांड हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर. इथून निघायचं, मॅजेस्टिकला बस बदलायची, आणि दुखऱ्या जबड्याने अख्खं शहर ओलांडायचं.

माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेबद्दल आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे आणि मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 1 एप्रिल 2003 पासून ईसीएचएस सुरू झाली. त्याआधी निवृत्त शिपायाला लष्करी रुग्णालयात जागा असली तर उपचार मिळत, मोठं दुखणं आलं तर शेत विकायची पाळी येई. आता निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची आणि नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं, आईवडील, सगळ्यांचे उपचार जन्मभर. 2017 च्या डिसेंबरात ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंत 30,000 रुपये, जेसीओंना, म्हणजे सुभेदार वगैरेंना, 67,000, अधिकाऱ्यांना 1,20,000. पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर तपासतात. तिथे जे होत नाही त्यासाठी रेफरल मिळतं, आणि यादीवरच्या खाजगी रुग्णालयांपैकी कुठे जायचं हे रुग्ण स्वतः निवडतो. एका लान्स नायकाच्या आईची बायपास बेंगळुरूतल्या उत्तम रुग्णालयात झालेली मी पाहिली आहे. त्या घराने एवढी रक्कम कधी हातात धरली नव्हती. डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगलेले लोक पाहिले. ही योजना नसती तर ते गेले असते. तिला नावं ठेवणाऱ्यांशी मी आजही वाद घालते.

पण ती उभी राहिली आहे मोठ्या दुखण्यांच्या पायावर. हृदय, मूत्रपिंड, गुडघा, कॅन्सर. दात या यादीत कायम शेवटी येतो, आणि दोष निव्वळ कागदाचा नाही. रुग्णही त्याला शेवटीच ठेवतो.

पॉलिक्लिनिकच्या खुर्चीत बसणारा माजी सैनिक काय बोलणार हे मला पाठ झालं होतं. ‘दुखतोय, काढून टाका.’ रूट कॅनाल करून दात वाचवता येईल असं सांगितलं की म्हणायचे, ‘कशाला म्याडम, पुन्हा चार खेपा. काढा एकदाचा.’ फौजेत एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, वारंवार जाणारा माणूस कामचुकार समजला जातो, ही भीती अंगात मुरलेली. सिक रिपोर्ट करायचा तो उभं राहता येईना तेव्हाच. दाढ ठणकते म्हणून कुणी परेड चुकवत नाही. ती सवय पेन्शनबरोबर घरी येते. त्यात तंबाखू. रात्रीच्या पहाऱ्यात जागं राहायला लागलेली चुन्या-तंबाखूची चिमूट पुढे वीस वर्षं गालात राहते. गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठर होत जाते, तोंड उघडणं बोटाबोटाने कमी होतं, आणि माणूस म्हणतो, ‘तिखट लागतंय एवढंच.’

दात काढणं सोपं आणि तिथल्या तिथे होणारं. वाचवायचा तर रेफरल, मग यादीतला दंतचिकित्सक, मग ठरलेल्या दरात बसणारी कॅप. या वाटेवर निम्मे लोक गळतात. मी पॉलिक्लिनिकमध्ये असताना काढलेल्या दातांतले पुष्कळसे वाचवता आले असते. हे मी तेव्हाही रजिस्टरमध्ये तसंच लिहीत असे: ‘वाचवण्याजोगा, रुग्णाची काढण्याची इच्छा.’ हुद्दा मात्र इथे आड येत नाही, हे मला आवडायचं. रुग्णालयात भरती व्हायचं तर शिपाई-हवालदारांना जनरल वॉर्ड, जेसीओंना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. दातांची खुर्ची एकच, आणि सुईला सगळे सारखेच घाबरतात.

आता एका हवालदारांविषयी सांगते. नाव लिहीत नाही. गडहिंग्लज तालुक्यातले, पायदळातून निवृत्त, राजाजीनगरातल्या एका अपार्टमेंटच्या फाटकावर बारा तासांची ड्युटी. रात्री आठनंतर यायचे, बूट बाहेर काढून, ‘जय हिंद म्याडम’ म्हणत. खालच्या दोन दाढा किडलेल्या, हिरड्यांतून पू, सोबत साखरेचा आजार. मी विचारलं, ‘पॉलिक्लिनिकला का जात नाही, मामा?’ त्यांनी पाकीट उघडून दोन कार्डं टेबलावर ठेवली. एक ईसीएचएसचं. दुसरं ईएसआयचं, कामगार विम्याचं. पगार महिना 21,000 च्या आत, त्यामुळे सिक्युरिटी कंपनीकडून ईएसआय कापला जातो: कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. आणि ईएसआयचं मोठं रुग्णालय तर राजाजीनगरातच, त्यांच्या फाटकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका माणसाला देशाने दोन वेळा आरोग्याची हमी दिलेली होती. सैनिक म्हणून एकदा, कामगार म्हणून एकदा. तरी तो रात्री आठ वाजता रोख पैसे घेऊन माझ्यासमोर बसला होता.

‘दोन्हीकडं दिवसा जायला लागतंय,’ ते म्हणाले. ‘दिवसा गेलो की हजेरी बुडती. दातासाठी तीन खेपा म्हंजे तीन हजेऱ्या. तेवढ्यात तुमच्याकडं हुतंय.’

मला या माणसाचा हिशेब चुकीचा म्हणता आला नाही. पॉलिक्लिनिक दिवसा चालतं, रविवारी बंद असतं. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, या समजुतीवर ते वेळापत्रक बसलेलं आहे. साठी-सत्तरीतल्या सुभेदारसाहेबांना ते सोयीचंही आहे. पण चाळिशीतला हवालदार निवृत्त नसतो, त्याची फक्त नोकरी बदललेली असते. मुलांच्या फिया, गावाकडचं कर्ज, यांत त्याला दिवस मोकळा कसा मिळणार? आरोग्यसेवा मिळते की नाही याची चर्चा आपण यादी, दर आणि बिलांवरून करतो. माझ्या अनुभवात बहुतेकांना अडवतं ते घड्याळ.

मामांच्या दाढा मी रात्रीच्या वेळांत केल्या. साखर ताब्यात आल्याशिवाय हिरड्या भरत नाहीत आणि हिरड्यांतला पू राहिला तर साखर ताब्यात येत नाही, हे त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच दिवसाची रजा टाकली आणि पॉलिक्लिनिकमधून साखरेच्या गोळ्या सुरू करून घेतल्या. तिथून गोळ्या, माझ्याकडे दात. अशी जोडणी करून बरेच लोक निभावून नेतात.

नोकरीत असलेल्या सैनिकाची तऱ्हा वेगळी. त्याला ईसीएचएस नाही. त्याचं सगळं लष्करी रुग्णालयात, आणि तिथे जे होत नाही त्यासाठी तिथूनच बाहेर पाठवतात. अडचण येते ती रजेवर असताना. एके संध्याकाळी एक नाईक आला. ईशान्येकडे पोस्टिंग, सुट्टीत राजाजीनगरला सासुरवाडीत आलेला. सासरेबुवा सोबत. खालची दाढ आठवडाभर दुखत होती, मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून खात होता. मी पाहिलं तेव्हा जबड्याखाली दोन्ही बाजूंना सूज, हाताला कडक लागणारी, त्वचा लाल. तोंड बोटभरही उघडेना. जीभ वर उचललेली, बोलणं घोगरं, लाळ गिळता येईना. दाताचा पू जिभेखालून मानेत उतरला होता. दंतवैद्य ज्याला मनापासून घाबरतो असा हा प्रकार, लुडविग्ज अँजायना. यात माणूस दातदुखीने मरत नाही, श्वास कोंडून मरतो, आणि काही तासांत मरतो.

सासरे म्हणाले, ‘कमांड हॉस्पिटललाच न्यायला पाहिजे ना? मिलिटरीचा माणूस. बाहेर ठेवलं तर पैसे कोण देणार, त्यांच्यावर कारवाई झाली तर?’ संध्याकाळचे सात. मॅजेस्टिक, मग रिचमंड रोड, मग जुना विमानतळ रस्ता. त्या गर्दीतून हा श्वास टिकेल याची मला खात्री नव्हती. मी सांगितलं, जिथे आत्ता भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची खोली तयार आहे अशा सगळ्यांत जवळच्या रुग्णालयात चला, बाकीचं फोनवर करू. नियमही तेच सांगतो. जीव धोक्यात असेल तर जवळच्या कुठल्याही नागरी रुग्णालयात जाता येतं. जवळच्या लष्करी रुग्णालयाला किंवा स्टेशन हेडक्वार्टर्सला लगेच कळवायचं, कागद जपून ठेवायचे, आणि प्रकृती स्थिर झाली की लष्करी रुग्णालयात हलवायचं. माजी सैनिकांसाठी तर 48 तासांच्या आत कळवायची मुदत स्पष्ट लिहिलेली आहे. पण हा नियम आजाऱ्याच्या घरात कुणाला माहीत नसतो. त्या रात्री भूल देण्याआधी श्वासनलिकेत नळी घालायला डॉक्टरांना बरीच खटपट करावी लागली. मानेतून पू काढला, दाढ काढली. दरम्यान येऊन पोचलेल्या त्याच्या मेहुण्याने माझ्या टेबलाशी बसून युनिटला आणि कमांड हॉस्पिटलला फोन केले, आणि कुणाशी, किती वाजता बोललो ते वहीत लिहून ठेवलं. अनामत रक्कम घरच्यांनी भरली. पुढे कमांड हॉस्पिटलमध्ये त्याला हलवलं, आणि ती वही दाव्याच्या वेळी कामाला आली.

बरा झाल्यावर तो भेटायला आला तेव्हा मी विचारलं, ‘युनिटमध्ये असतानाच दाढ दुखत होती ना? तिथे का नाही दाखवलीस?’ तो म्हणाला, ‘रजा मंजूर झालेली मॅडम. डेंटलला गेलो असतो तर ट्रीटमेंट होईपर्यंत थांबवलं असतं. पोरीला आठ महिने बघितलं नव्हतं.’ यावर मी काय बोलणार होते?

दात शेवटी ठेवण्याची सगळ्यांत मोठी किंमत मी कॅन्सरच्या रुग्णांत पाहिली. एक निवृत्त सुभेदारसाहेब, गालाचा कॅन्सर, कारण तंबाखू. रेफरल झटपट मिळालं, शस्त्रक्रिया चांगली झाली, पुढे किरणोपचार ठरले. तारीख मिळाली होती. ते माझ्याकडे आले ते हलणारी दाढ फार टोचते म्हणून, वाटेवरचा दवाखाना म्हणून. तोंड पाहिलं तर किरणोपचाराच्या वाटेत येणारे चार दात मुळापर्यंत खराब. जबड्याला किरण दिल्यानंतर हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडून सडत जातं, आणि तो त्रास कॅन्सर बरा झाल्यावरही वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून खराब दात आधी काढायचे, दोन आठवडे जखम भरू द्यायची, उरलेल्यांना फ्लोराइड द्यायचं आणि मगच किरण. किडवाईसारख्या कॅन्सर संस्थेत दंतविभाग या कामासाठी असतो. जिथे ते उपचार घेत होते तिथे या धावपळीत कुणी त्यांना दंतवैद्याकडे पाठवलं नव्हतं. मी तिथल्या किरणोपचार तज्ज्ञांना फोन केला. त्यांनी समजून घेतलं आणि तारीख पुढे नेली. साहेबांच्या पत्नी, काकू, दर भेटीला त्यांच्या शेजारी बसून मला एकच विचारायच्या, ‘उशीर तर होत नाही ना?’ मी सांगायचे, हा उशीर उपचाराचाच भाग आहे. तेव्हापासून ओळखीतला कुणीही तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरने आजारी आहे असं कळलं, की मी निरोप पाठवते: किरणांच्या आधी दात दाखवा. रेफरलच्या कागदावर जसा रक्तगट, साखर यांचा रकाना असतो तसा दातांचा एक रकाना असता, तर हा निरोप कुणाच्या ओळखीवर अवलंबून राहिला नसता.

बायकांबद्दल थोडं. पॉलिक्लिनिकमधल्या रांगेत निम्म्या बायका असत, बऱ्याचशा फॅमिली पेन्शनवर. गावाकडून मुलाकडे आलेल्या आजींचे दात मिश्रीने काळे आणि मुळाशी झिजलेले. मिश्री भाजलेल्या तंबाखूची असते, तिनेही कॅन्सर होतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं. कारण ती दात घासायची वस्तू समजली जाते. अशा एका आजींना पूर्ण कवळी हवी होती. वरचे-खालचे सगळे दात गेलेले, भाकरी दुधात कुस्करून खायच्या. पण नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर, पीपीओवर, त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मसाल दोन्हीकडे वेगळं. कार्ड निघेना. लग्न झाल्यावर नवऱ्याने फौजेत कुणाला तरी सांगून नोंद केली होती, ती तशीच राहिली. दुरुस्ती बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसमधून व्हायची. माझं माहेरच तिकडे. सुट्टीला गेले तेव्हा त्यांची प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचा दाखला असा गठ्ठा घेऊन गेले. तिथल्या एका क्लार्कने बसवून कागद लावून दिले. कार्ड आलं, कवळी झाली. पहिल्या आठवड्यात हिरडीला टोचते म्हणून आजी रोज यायच्या. मी जरा घासून द्यायचे. नंतर यायच्या थांबल्या, तेव्हा कळलं की जेवायला लागल्या.

या सगळ्यात अग्निवीरांचा विचार मनातून जात नाही. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, मग पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर पुढे घेतले जाणार. बाकीचे सेवानिधी घेऊन परत येतील, पण त्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. ज्या पोरांचे गुण मी मोजले, त्यांतली काही आत आहेत. त्यांना मी फोनवर सांगते: आत आहात तोवर मिलिटरी डेंटल सेंटरमध्ये सगळं तोंड नीट करून घ्या, बाहेर पडताना एक्स-रे आणि उपचाराचे कागद मागून घ्या, अक्कलदाढ त्रास देत असेल तर तिथेच काढून या. बावीस-तेविसाव्या वर्षी तुम्ही घरी याल तेव्हा दातांचा खर्च तुमचा तुम्हालाच करायचा आहे. त्यांना ते फार लांबचं वाटतं. चार वर्षं लांबची नसतात.

काय व्हायला हवं हे मला स्पष्ट दिसतं, आणि ते फार खर्चाचं नाही. वर्षातून एकदा कार्डधारकाचं तोंड तपासायचं, दुखत असो वा नसो. जिथे चाळिशीतले निवृत्त लोक जास्त आहेत तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी पॉलिक्लिनिकची दातांची खुर्ची चालवायची. आणि यादीवर मोठ्या रुग्णालयांबरोबर वस्त्यांतले छोटे दवाखाने आणायचे. छोटा दवाखाना यादीवर का येत नाही हे मी स्वतःवरूनच सांगू शकते. अर्ज, तपासणी, बँक गॅरंटी, ऑनलाइन बिलं, मग बिल मंजूर होईपर्यंत वाट. मोठ्या रुग्णालयात यासाठी माणसं नेमलेली असतात. माझ्याकडे एक मदतनीस आहे, आणि लॅबवाला कॅपचे पैसे महिन्याच्या शेवटी मागतो. 2024 च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं संरक्षण मिळालं, ईसीएचएसवाल्यांनाही दोहोंपैकी एक निवडायची मुभा आली. पण ती योजना रुग्णालयात भरती होणाऱ्यांसाठी. दाढेसाठी कुणी भरती होत नाही.

तरी मी यंदा अर्ज करायचं ठरवलं आहे. पॉलिक्लिनिकमध्ये माझ्याबरोबर असलेले एक निवृत्त सुभेदार मेजर कागदपत्रं लावायला येतात, त्यांना प्रत्येक फॉर्मचा प्रत्येक रकाना तोंडपाठ आहे. निर्जंतुकीकरणाचं नवं यंत्र घेतलं, जैविक कचऱ्याचा करार झाला, बँकेच्या मॅनेजरांशी गॅरंटीबद्दल एक बैठक झाली आणि दुसरी पुढच्या सोमवारी आहे. अर्जासोबत जोडायच्या पत्रात दवाखान्याची वेळ लिहायची होती. सुभेदार मेजर म्हणाले, नेहमीची लिहा, सकाळी दहा ते दुपारी एक, संध्याकाळी पाच ते आठ. मी रात्री साडेनऊपर्यंत लिहायला सांगितलं, आणि रविवारी सकाळही.